बकऱ्याच्या मेंदूतल्या चेतापेशी क्ष-किरणांनी पाहताना : इंदूरच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा क्ष-किरणांनी काढायचं काम फ्रान्समधलं ग्रेनोबल, स्वित्झर्लंडमधलं व्हिलिगेन, शिकागोजवळचं आर्गोन अशा ठिकाणी चालतं. तसली यंत्रं आमच्या महाविद्यालयात नाहीत. पण त्या कामाचा पाया आपल्या हातून होतो का, हे मला पाहायचं होतं. ऊतक रंगवायचं, ते जराही न हलता यंत्रासमोर उभं करायचं आणि चित्रातून एकेक पेशी ओढून काढायची, एवढाच तो पाया. साडेपाच महिने लागले. सगळं नीट झालं असतं तर अडीच महिन्यांत संपलं असतं. उरलेले तीन महिने कुठे गेले ते इथे लिहिते आहे, म्हणजे पुढच्याचे तरी वाचतील.

सोबत तिघं होते. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, भौतिकशास्त्र विभागातले एक सर आणि आमचे प्रयोगशाळा सहायक काका. काकांनी एकतीस वर्षं स्लाइडी केल्या आहेत. या प्रकल्पात जे जमलं त्यातलं बरंचसं त्यांच्या हातामुळे जमलं.

३० डिसेंबर २०२४, सोमवार

मेंदूचं ऊतक क्ष-किरणांना जवळपास पारदर्शक असतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन सगळीकडे सारखेच पसरलेले, त्यामुळे पेशी आणि आजूबाजूचा भाग यांत फरकच दिसत नाही. फरक दिसायला जड धातू लागतो. मोठ्या प्रयोगशाळा ऑस्मियम टेट्रॉक्साइड वापरतात. त्याच्या एका ग्रॅमची किंमत आमच्या सगळ्या अनुदानाला भारी होती, शिवाय त्याची वाफ डोळ्यांना फार घातक. आम्ही गॉल्जी-कॉक्स पद्धत घेतली. कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये आबियातेग्रासोच्या छोट्या रुग्णालयात, स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा करून, चांदीने चेतापेशी काळ्या करून दाखवल्या. १८९१ मध्ये कॉक्स यांनी चांदीऐवजी पारा वापरला. या पद्धतीत शंभरातल्या मोजक्याच पेशी रंगतात, पण जी रंगते ती धडापासून फांद्यांच्या टोकांपर्यंत रंगते. पारा जड धातू आहे, त्यामुळे तो क्ष-किरणांनाही अडवतो.

पोटॅशियम डायक्रोमेट, मर्क्युरिक क्लोराइड आणि पोटॅशियम क्रोमेट यांची प्रत्येकी ५ टक्क्यांची द्रावणं फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात, केली. पहिली दोन समप्रमाणात मिसळून तिसऱ्याच्या पातळ केलेल्या द्रावणात ओतली आणि तपकिरी बाटली कपाटात अंधारात ठेवली. पाच दिवसांनी वरचं निवळ द्रावण घ्यायचं, गाळाला हात लावायचा नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा क्षार जहाल विषारी आहे आणि डायक्रोमेट कर्करोगकारक. हे काम घरी करू नका. हातमोजे, चष्मा, हूड आणि टाकाऊ द्रावणासाठी वेगळा कॅन, यातलं एकही नसेल तर सुरुवातच करू नका. आमच्याकडे एक थेंबही बेसिनमध्ये गेला नाही. कॅन भरला की धोकादायक कचरा उचलणाऱ्यांच्या हवाली करायचा, असं आधीच ठरवून घेतलं होतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

आम्ही अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा छोटा मेंदू, निवडलं. तिथल्या पर्किंजे पेशीचं धड २० ते ४० मायक्रोमीटरचं (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, म्हणजे नमुना फिरवत क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्र काढणाऱ्या साध्या मायक्रो-सीटी यंत्रालाही दिसावं. दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं होतं. या पेशीच्या फांद्या चपट्या पंख्यासारख्या एकाच पातळीत पसरतात आणि अनुमस्तिष्काच्या एका घडीतले सगळे पंखे एकमेकांना समांतर, घडीच्या लांबीला आडवे उभे असतात. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित सोडवण्यासारखं हे आहे. चित्रात गोल झुडूप दिसलं तर चुकलं कुठेतरी आपलंच.

पहाटे मटणाच्या दुकानात गेलो. पहिलं डोकं दुकानदाराने सवयीने सुऱ्याच्या एका घावात मधोमध फोडलं. घाव बरोबर अनुमस्तिष्कावर बसला आणि त्याचा लगदा झाला. मग मी म्हटलं, ‘भैया, पीछे का हिस्सा साबुत चाहिए, पढ़ाई के काम का है.’ त्याने दुसरं डोकं घेतलं, कवटीच्या दोन्ही बाजूंनी टिचवत वरचं झाकण उचललं आणि मेंदू दोन बोटांनी अलगद बाहेर काढला. शंभर रुपये जास्त घेतले, ते योग्यच होते. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच्याकडेच गेलो.

प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पन्नास मिनिटं झाली होती. ताजं ऊतक न गोठवता, न मुरवता ५ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांत कापलं आणि थेट द्रावणात टाकलं. एकूण आठ तुकडे.

६ जानेवारी

चोवीस तासांनी द्रावण बदलायचं असतं. काका रजेवर होते. मी स्टीलच्या चिमट्याने तुकडे उचलले. चार तुकडे झाले तेव्हा चिमट्याच्या टोकाला राखाडी थर दिसला. पाऱ्याचं द्रावण लोखंडाला लागलं की पारा सुटा होऊन त्यावर बसतो. हे मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवलेलं आहे. त्या चारही तुकड्यांवर काळपट कण चिकटले होते. टाकून द्यावे लागले. उरलेले चार प्लास्टिकच्या चमच्याने उचलले.

काका दुसऱ्या दिवशी आले, बाटली पाहिली आणि एवढंच म्हणाले, ‘ताई, या बाटलीपाशी काचेच्या काड्या ठेवतो. धातूचं काही त्या टेबलावर येऊच द्यायचं नाही.’ तेव्हापासून त्या टेबलावर धातू नाही.

१९ जानेवारी

चौदा दिवस पूर्ण. एका तुकड्यातून पातळ काप काढून अमोनियात काळा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अख्ख्या कापात दोन पर्किंजे पेशी, त्याही अर्धवट, फांद्या मध्येच पुसट झालेल्या. चारही तुकड्यांची तीच गत.

कारण शोधायला दोन दिवस गेले. द्रावण ठीक होतं, वजनंही ठीक होती. बाटली उत्तरेच्या भिंतीतल्या कपाटात होती आणि तिथलं तापमान काकांनी मोजलं तर सकाळी १३ अंश निघालं. थंडीत पारा आत शिरायला वेळ लागतो. पहिली खेप पूर्ण वाया गेली. दोन आठवडे गेले.

२५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी

दुसरी खेप. नवीन मेंदू, नवीन द्रावण, तुकडे ३ मिलिमीटरचे आणि बाटली ३७ अंशांच्या उबवणी पेटीत. चौदाऐवजी एकवीस दिवस ठेवली.

१५ तारखेला विद्यार्थिनीने काप पाहिला आणि काही न बोलता खुर्ची माझ्याकडे सरकवली. पिवळसर पार्श्वभूमीवर काळीभोर पर्किंजे पेशी. धडातून एक जाड खोड वर निघालेलं, त्याच्या दोन फांद्या, त्यांच्या चार, आणि पुढे पिंपळाच्या जाळीदार पानासारखी बारीक वीण. मी ही पेशी पाठ्यपुस्तकात शेकडो वेळा दाखवली आहे. स्वतः रंगवलेली पहिल्यांदाच पाहिली. बराच वेळ आम्ही दोघी आळीपाळीने पाहत बसलो.

एक दोष राहिला. तुकड्याच्या पृष्ठभागावर पाऱ्याचे स्फटिक जमले होते. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात ते बाजूला दिसतात, त्रास देत नाहीत. क्ष-किरणांत किती त्रास देतील याचा अंदाज आम्हाला तेव्हा आला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार : पहिलं स्कॅन

एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत मायक्रो-सीटी यंत्र तासाला १,२०० रुपये दराने मिळालं. तिथे एरवी यंत्रांचे सुटे भाग तपासतात. त्वचेचा नमुना घ्यायच्या पंचने तुकड्यातून दीड मिलिमीटर व्यासाची कांडी काढली, ती अगारोजच्या जेलीत, प्लास्टिकच्या बारीक नळीत उभी केली. कांडी एवढी बारीक का, तर डिटेक्टरच्या २,००० पिक्सेलमध्ये एक पिक्सेल १ मायक्रोमीटरचा हवा असेल तर दिसणारं क्षेत्र २ मिलिमीटरचंच राहतं. त्यात पूर्ण मावेल तेवढाच नमुना घ्यायचा.

व्होल्टेज ६० किलोव्होल्ट, १८० अंशांत १,६०१ चित्रं, प्रत्येकी २० सेकंद. जवळपास नऊ तास, १०,८०० रुपये.

रात्री या सपाट चित्रांतून संगणकावर त्रिमितीय चित्राची पुनर्रचना केली तर प्रत्येक कडा दुहेरी. डोळ्यांत पाणी असताना दिवा दिसावा तसं सगळं. सरांनी सेटिंग्ज तपासल्या, फिरण्याचा अक्ष पुन्हा पुन्हा बदलून पाहिला. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिथल्या ऑपरेटरदादांच्या एका सवयीने उलगडा केला. स्कॅन संपल्यावर ते नमुना पुन्हा शून्य अंशावर आणून एक चित्र घेतात. पहिलं आणि हे शेवटचं चित्र एकावर एक ठेवलं, तर नमुना १४ पिक्सेल खाली सरकलेला होता. आम्हाला पाहायच्या होत्या त्या फांद्या ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीच्या. नऊ तासांत जेली सुकली, आकसली आणि कांडी खाली बसली.

हे चित्र प्रत्येक स्कॅनच्या शेवटी घ्याच. वीस सेकंद लागतात आणि चुकीचं कारण शोधण्यात आठवडा जात नाही.

१ मार्च

जेलीऐवजी मेण. या वेळी शहाणपण करून आधी तीनच तासांचं चाचणी स्कॅन घेतलं, ३,६०० रुपये. सरकणं ५ पिक्सेलवर आलं. यंत्राच्या बंद कपाटात उष्णता वाढते आणि मेण कणभर मऊ पडतं, असं सरांचं मत. मलाही ते पटलं.

शिवाय ते स्फटिक. पृष्ठभागावरचा एकेक स्फटिक चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखा चमकत होता आणि त्यापासून सगळीकडे पट्टे फुटत होते. पट्ट्यांखालचं ऊतक दिसेना. कांडी काढायच्या आधी तुकड्याचा बाहेरचा अर्धा मिलिमीटर थर काचेच्या धारेने तासून टाकायचा, एवढं या दिवसाने शिकवलं. ३,६०० रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही.

१० ते १२ मार्च

मेणाऐवजी एपॉक्सी रेझिन, द्रव ओतून तापवलं की कडक होणारं. ऊतकातलं पाणी अल्कोहोलच्या चढत्या टक्केवारीने काढायचं, ५०, ७०, ९०, १००, मग अ‍ॅसिटोन, मग अ‍ॅसिटोन आणि रेझिनचं मिश्रण, मग निव्वळ रेझिन. मग ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास.

बारा तारखेला ठोकळे काढले तर बोटाला चिकट लागले. नख रुतत होतं. कडक करणारा घटक मी आकारमानाने मोजला होता, तो वजनाने मोजायचा असतो. हे द्रव मधासारखे दाट, मोजनळीच्या भिंतीला किती चिकटून राहिलं ते कळतच नाही. तीन कांड्या गेल्या. आता तराजूवर प्लास्टिकचा पेला ठेवून थेट त्यातच वजन करतो.

१७ ते १९ मार्च

पुन्हा रेझिन. १७ तारखेला संध्याकाळी ओव्हनमध्ये ठेवलं आणि ४८ तास भरत होते ते नेमक्या रंगपंचमीच्या संध्याकाळी. इंदूरमध्ये रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, अर्धं शहर रस्त्यावर असतं, आणि आमचं महाविद्यालय त्याच बाजूला. ते मी विचारातच घेतलं नव्हतं. ओव्हन वेळेवर बंद झाला नाही तर काय होईल या काळजीने मी दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी काका मागच्या गल्ल्यांतून चालत गेले, ओव्हन बंद केला आणि फोनवर म्हणाले, ‘ताई, काचेसारखे झालेत.’

मधाच्या रंगाचे, पारदर्शक ठोकळे आणि आत तपकिरी कांडी. घडीची लांबी कोणत्या दिशेला ते कळावं म्हणून काकांनी ओतण्याआधीच प्रत्येक साच्यात कागदाची बारीक पट्टी बाण काढून ठेवली होती. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या बाणाशिवाय पुढची सगळी मापं निरर्थक ठरली असती.

२९ मार्च, शनिवार : तिसरं स्कॅन

ठोकळा क्रमांक ७. बाहेरचा थर तासलेला. यंत्र सुरू करून एक तास नुसतं थांबलो, आतलं तापमान स्थिर होईपर्यंत. त्या तासाचे १,२०० वेगळे, एकूण १२,००० रुपये. पहिलं आणि शेवटचं चित्र एकावर एक ठेवलं. अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी फरक.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आईने गुढी उभारली आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. आईने एकदा पडद्याकडे पाहिलं, म्हणाली, ‘हे तर झाड आहे.’ श्रीखंड दुपारी खाल्लं.

एप्रिल, पहिला पंधरवडा

माहितीची फाईल. २,००० गुणिले २,००० गुणिले २,००० व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्रातले घनाकार पिक्सेल), प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १६ जीबी. माझ्या लॅपटॉपची मेमरी ८ जीबी. तीनदा बंद पडला. जेल रोडच्या बाजारातून मोठी हार्ड डिस्क आणली, पण डिस्कने मेमरी वाढत नाही हे सरांनी समजावलं. तोडगा असा काढला की आधी प्रत्येक दिशेने निम्मं करून आठव्या हिश्शाची, २ जीबीची फाईल केली. तिच्यात पेशी कुठे आहेत ते शोधायचं आणि मग तेवढाच भाग मूळ फाईलमधून कापून घ्यायचा. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दहा दिवस गेले.

पुनर्रचना टोमोपायमध्ये केली. ती आर्गोनच्या लोकांनी घडवलेली मोफत प्रणाली आहे. अक्ष दोन पिक्सेलनेही चुकला तर प्रत्येक ठिपक्याची चंद्रकोर होते. कोर दिसली की अक्ष हलवायचा, कोरीचा ठिपका झाला की थांबायचं. डिटेक्टरच्या काही पिक्सेलची संवेदना कमी-जास्त असते, त्यामुळे कंपासने काढल्यासारखी वर्तुळं चित्रात उमटतात. नमुन्याशिवायची कोरी चित्रं स्कॅनच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा घेतली होती म्हणून ती वर्तुळं बरीचशी काढून टाकता आली.

१८ एप्रिल ते २० मे : पेशी ओढणं

हा सगळ्यात लांबलेला आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. फिजी या मोफत चित्र-विश्लेषण सॉफ्टवेअरमधल्या एसएनटी या फांद्या ओढायच्या साधनाने काम केलं. फांदीच्या दोन ठिकाणी टिचकी मारायची, मधला मार्ग ते सुचवतं, आपण पटलं तर स्वीकारायचा.

ठोकळ्यात ३४ पर्किंजे पेशी दिसल्या. त्यातल्या ११ च पूर्ण, बाकीच्या कांडीच्या कडेला कापलेल्या. पहिली पेशी मी चार संध्याकाळी बसून ओढली. समोरून पाहिलं तर सुमारे २६० मायक्रोमीटर रुंदीचा पंखा. मग ती नव्वद अंशांत फिरवली. पंख्याचा पसारा मिटत मिटत एक उभी काडी उरली, जेमतेम ३० मायक्रोमीटर जाडीची. आणि ती काडी काकांच्या कागदी बाणाला आडवी होती. चार महिन्यांपूर्वी ठरवलेली कसोटी पार पडली.

मग अडचण आली. तीच पेशी विद्यार्थिनीने मला न दाखवता स्वतंत्रपणे ओढली. माझी एकूण लांबी १,८४० मायक्रोमीटर, तिची २,३१०. एवढा फरक असेल तर दोघींपैकी कुणाचंच माप छापण्यालायक नाही. आम्ही दोन्ही आकृत्या एकावर एक ठेवल्या. दोन शेजारी पंखे जिथे जवळून जातात तिथे तिने शेजारणीची फांदी आपल्या पेशीत घेतली होती. पण मीही निर्दोष नव्हते. दोन ठिकाणी फांदी पुसट झाली म्हणून मी थांबले होते आणि तिला पुढची पाच-सहा व्हॉक्सेल स्पष्ट दिसली होती. ती बरोबर होती.

ती म्हणाली, ‘मॅडम, जिथे खात्री नाही तिथे लाल खूण करू या का? मापात धरायचं नाही, पण पुसायचंही नाही.’ तोच नियम केला. फांदी पुढे न्यायची तर तिन्ही दिशांच्या कापांत ती सलग दिसली पाहिजे, दोनच दिशांत दिसली तर लाल खूण. शिवाय प्रत्येक पेशी दोघींनी ओढायची. त्या नियमाने त्याच पेशीची मापं १,९६० आणि २,०१० आली. अकरांपैकी दोन पेशी आधी जाड, झुडपासारख्या दिसत होत्या. नियम लावल्यावर त्या प्रत्येकी दोन पेशींची सरमिसळ निघाल्या. आता पूर्ण पेशी ११ नव्हे, ९ आहेत आणि नऊच्या नऊ चपट्या आहेत. तीन आठवडे पुन्हा काम करावं लागलं. त्या मुलीने एकदाही कुरकूर केली नाही. परीक्षा तोंडावर असताना ती रोज दोन तास बसत होती.

मोठ्या प्रकल्पांतही सगळ्यात जास्त माणसं याच कामाला लागतात. फळमाशीच्या प्रौढ मेंदूचा १,३९,२५५ चेतापेशींचा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा होता. संगणकाने ओढलेल्या पेशी माणसांनी एकेक करून तपासल्या, दुरुस्त केल्या. हे आधी वाचलं होतं. त्यात किती कष्ट असतील ते नऊ पेशी ओढल्यावर कळलं.

२ जून

विभागात सादरीकरण झालं. एका सहकाऱ्याने विचारलं, ‘मग हा जोडण्यांचा नकाशा झाला का?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथेही लिहिते.

नाही झाला. एका पर्किंजे पेशीवर एक ते दोन लाख समांतर तंतू येऊन टेकतात. ते तंतू मायक्रोमीटरच्या काही दशांश जाडीचे असतात. आमचा व्हॉक्सेल १ मायक्रोमीटरचा, आणि प्रत्यक्षात वेगळं ओळखू येतं ते दोन-तीन व्हॉक्सेल एवढंच. म्हणजे खांब दिसले, तारा दिसल्या नाहीत. दुसरं म्हणजे गॉल्जी-कॉक्स पद्धतीत मोजक्याच पेशी रंगतात, आणि जोडणी दाखवायची तर दोन्ही टोकं रंगलेली हवीत. त्यासाठी सगळं ऊतक ऑस्मियमसारख्या धातूने रंगवावं लागतं आणि क्ष-किरणांची नजर फार बारीक करावी लागते. ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनपासून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, २०२० मध्ये होलोग्राफिक पद्धतीने १०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) खाली जाऊन माशीच्या आणि उंदराच्या ऊतकातले तंतू ओढले गेले. व्हिलिगेनला टायकोग्राफीने, म्हणजे विखुरलेल्या किरणांच्या नक्षीवरून संगणकाने चित्र उभं करण्याच्या पद्धतीने, उंदराच्या मेंदूत ३८ नॅनोमीटरपर्यंत नजर पोहोचली. तिथे किरणांचा मारा इतका असतो की साधं रेझिन फुगतं, म्हणून त्यांना किरणांना दाद न देणारं वेगळं रेझिन घ्यावं लागलं. हे वाचून मला धीर आला, कारण तिथेही शेवटी प्रश्न रेझिनचाच होता.

मग क्ष-किरणच का, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक का नाही, हेही विचारलं गेलं. इलेक्ट्रॉनसाठी ऊतकाचे ४० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे हजारो काप करावे लागतात आणि एक काप फाटला की तिथला धागा तुटतो. क्ष-किरणांना कापावं लागत नाही. आमचा ठोकळा क्रमांक ७ जसाच्या तसा कपाटात आहे. उद्या कुणाला तो आणखी चांगल्या यंत्रात घालायचा असेल तर घालता येईल.

१४ जून, शनिवार

पुढचं यंत्र लांब नाही. राजेंद्रनगरच्या पुढे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं, १७२ मीटर परिघाचं सिंक्रोट्रॉन. तिथे चित्रणासाठी वेगळी बीमलाइन, म्हणजे किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट, आहे. आम्ही भाड्याने घेतलेल्या यंत्राच्या नळीतून सगळ्या ऊर्जांचे किरण एकत्र निघतात. सिंक्रोट्रॉनवर एकच ऊर्जा निवडता येते. किरणांची ऊर्जा १२.२८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की पारा एकदम जास्त किरण शोषतो. त्या रेषेच्या किंचित खाली एक स्कॅन आणि किंचित वर दुसरं स्कॅन घेऊन एकातून दुसरं वजा केलं, तर उरेल तो फक्त पारा, म्हणजे फक्त रंगलेल्या पेशी. पुसट फांद्यांवरच्या आमच्या लाल खुणांपैकी किती मिटतील ते तेव्हा कळेल. प्रस्तावाचा मसुदा सर लिहीत आहेत. नमुन्याचं वर्णन, पाऱ्याचं प्रमाण आणि सुरक्षेचा भाग माझ्याकडे.

दोन्ही स्कॅनमध्ये नमुना एका पिक्सेलनेही हलता कामा नये, म्हणून या खेपेचे ठोकळे सुरुवातीपासून रेझिनचेच. तिसरी खेप आज सकाळी लावली. दुकानदाराला आता सांगावं लागत नाही, आम्ही दिसलो की तो सुरा बाजूला ठेवतो आणि छोटी छिन्नी घेतो. पावसामुळे वीज जाते, त्यासाठी उबवणी पेटीला बॅटरी जोडली आहे. काचेच्या काड्या टेबलावर आहेत, कागदी बाण कापून ठेवले आहेत. काकांनी बाटलीवर पट्टी चिकटवली आणि पेनाने तारीख घातली : उघडायची ५ जुलै.